जुन्या गाडीचे इंजिन पहिल्यांदाच घरी बांधायचे आहे : कोणते काम स्वतः करावे आणि कोणते मशिन शॉपकडे द्यावे?

पहिलेच_इंजिन

नमस्कार. वडिलांनी अनेक वर्षे चालवलेली १९६० सालची मॉरिस मायनर १००० आता माझ्याकडे आली आहे. तिचे ९४८ घनसेंटिमीटरचे, ए-सिरीज घराण्यातले चार सिलिंडरचे इंजिन अजून चालते. परंतु ते ऑइल फार खाते आणि चढावर मागे निळसर धूर सोडते. वडील प्रत्येक वेळी किती ऑइल भरले याची नोंद एका वहीत ठेवत असत. शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर दोन भरण्यांमधले अंतर निम्म्याहून कमी झालेले दिसते. या गाडीत ऑइलच्या दाबासाठी केवळ दिवा आहे, म्हणून मी तात्पुरते एक गेज जोडून पाहिले. इंजिन थंड असताना दाब ५५ पौंड (प्रति चौरस इंच) दिसतो. पण अर्धा तास गाडी चालवल्यानंतर मंद गतीला तो ८ पर्यंत उतरतो.

मी आजवर कार्ब्युरेटर, ब्रेक आणि क्लचची कामे केली आहेत, इंजिन मात्र कधीही उघडलेले नाही. माझ्याकडे जागा आहे, चेन-पुली आहे, टॉर्क पाना आहे, कारखान्याने काढलेले दुरुस्तीचे पुस्तक आहे आणि घाई अजिबात नाही. हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापेक्षा स्वतः करावे अशी मनापासून इच्छा आहे, कारण या इंजिनाचा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. मात्र अज्ञानामुळे त्याचे कायमचे नुकसान होऊ नये, ही काळजीही तितकीच आहे.

माझे प्रश्न असे आहेत. इंजिन उतरवण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात? घरी काय करावे आणि मशिन शॉपकडे काय द्यावे? बोअर करावा लागेल (म्हणजे सिलिंडरचे भोक यंत्रावर मोठे करावे लागेल) की नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून भागेल, हे कसे ठरवायचे? आणि पहिल्यांदा काम करणारा माणूस साधारणपणे कोठे चुकतो?

लेथकाम

नमस्कार. बोअर करणे आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणारा दांडा) ग्राइंड करणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे घरी उघडलेली इंजिने माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यांतली जी बिघडतात ती बहुधा बांधण्यातील चुकीमुळे नव्हे, तर मापे न घेता ठरवलेल्या कामामुळे बिघडतात. म्हणून इंजिन उतरवण्याआधीच काही आकडे कागदावर उतरवून घ्या.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचाभर इंजिन ऑइल टाकून तीच मोजणी पुन्हा करा. ऑइल टाकल्यावर दाब स्पष्टपणे वाढला, तर गळती रिंगा आणि बोअर यांच्यामधून होत आहे. तो जागचा हलला नाही, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा. धुराचेही असेच आहे. उतारावर पाय सोडून गाडी सोडल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धुराचा लोट येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीवर) घ्यावा, आणि ओझ्याखाली सतत धूर येत असेल तर रिंगांवर. आपण चढावरचा धूर सांगितला आहे, त्यामुळे बोअर झिजला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ऑइलच्या दाबाविषयी सांगायचे, तर या इंजिनात गाडी चालू असताना सुमारे ६० पौंड आणि मंद गतीला १५ पौंड दाब अपेक्षित असतो. गरम झाल्यावर ८ पौंड म्हणजे बेअरिंग, पंप किंवा दाब नियंत्रित करणारा रिलीफ व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी थकले आहे. रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरूनच काढता येतो, म्हणून त्याची स्प्रिंग आणि बसण्याची जागा आधी पाहून घ्या.

कामाची वाटणी मी अशी करीन : उतरवणे, उघडणे, खुणा करणे, मोजणे, धुणे आणि बांधणे हे आपले काम, बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे, हेडचा पृष्ठभाग सपाट करणे आणि व्हॉल्व्ह सीट बसवणे हे यंत्राचे काम. हेड देणारच असाल, तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या सीट बसवून घ्या. शिसेविरहित पेट्रोलवर मूळच्या ओतीव लोखंडी सीट हळूहळू खचत जातात.

उघडताना मेन बेअरिंगच्या (ब्लॉकमध्ये क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅपवर आणि कनेक्टिंग रॉडवर (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांवर) क्रमांक आहेत का हे सर्वांत आधी पाहा. नसतील तर पंचाने ठिपके मारा. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला जोडूनच एकत्र बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली, तर क्रँक जाम होतो. आपल्या इंजिनातील रॉडचे बिग एंड (क्रँकवर बसणारी मोठी टोके) तिरके कापलेले आहेत, ते पिस्टनसह बोअरमधून वरच्या बाजूने निघावेत म्हणून. त्यांचे मध्यही एका बाजूला सरकलेले असतात, म्हणून प्रत्येक रॉड आपल्याच सिलिंडरमध्ये आणि मूळ दिशेनेच परत गेला पाहिजे. टॅपेट (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) ब्लॉकच्या बाजूची झाकणे काढून बाहेर येतात. ते आठ कप्प्यांच्या डब्यात क्रमाने ठेवा. प्रत्येक टॅपेट कॅमशाफ्टच्या आपापल्या उंचवट्याशी घासून बसलेला असतो आणि जागा बदलली की दोन्ही लवकर झिजतात.

आता मोजमापाविषयी. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वांत वरची रिंग जेथे उलटी फिरते तेथे, म्हणजे वरच्या कडेपासून थोडे खाली, आणि तेही क्रँकच्या आडव्या दिशेने झीज सर्वाधिक असते. म्हणून प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजायचा, म्हणजे चार सिलिंडरचे २४ आकडे होतात. मूळ बोअर ६२.९४ मिलिमीटरचा आहे. तळाशी रिंगा पोहोचत नाहीत तेथे साधारण हाच आकडा मिळायला हवा. मिळाला नाही, तर हा ब्लॉक पूर्वी कधीतरी बोअर झालेला आहे असे समजावे. बोअर आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेवून मगच मोजा, कारण शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात हाताची ऊबसुद्धा आकडा बदलते.

आणि एक आग्रहाची विनंती : हे आकडे हाती येण्याआधी पिस्टन, रिंगा किंवा बेअरिंग मागवू नका.

मागच्या_अंगणात

लेथकाम यांनी सांगितलेल्या क्रमात मला काहीही बदलायचे नाही. त्यांनी एका शब्दात उरकलेल्या कामाबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, आणि ते काम म्हणजे धुणे.

माझे पहिले इंजिन याच घराण्यातले होते. बोअर फारसे झिजले नव्हते, म्हणून मी हाताने होनिंग केले (बोअर दगडाने घासला), दगडाच्या तिरप्या रेघा सुंदर उमटल्या, आणि मग मी ब्लॉक रॉकेलने दोनदा धुऊन कापडाने पुसला. डोळ्यांना तो स्वच्छ दिसत होता. सहाशे किलोमीटरनंतर ऑइलचा दाब उतरू लागला. इंजिन पुन्हा उघडले तेव्हा नव्या बेअरिंगच्या मऊ धातूत बारीक करड्या कणांचे पट्टे रुतलेले होते आणि नव्या रिंगांच्या कडा निस्तेज झाल्या होत्या. होनिंगच्या दगडाची भुकटी रॉकेलने सुटत नाही. ते तिला ओल्या लोखंडाच्या छिद्रांत आणखी पसरवते. तिला उचलून नेतो तो गरम पाण्यातला साबण आणि ताठ ब्रश. तेव्हापासून मी बोअर गरम साबणपाण्याने इतक्या वेळा घासतो की पांढरे कापड आतून फिरवल्यावर ते पांढरेच बाहेर यावे, आणि त्यानंतर लगेच कोरडे करून ऑइल फासतो, कारण उघड्या ओतीव लोखंडावर काही मिनिटांत तांबूस झाक येऊ लागते.

हीच काळजी ऑइलच्या वाटांची घ्यावी. ब्लॉकमधील मुख्य ऑइल गॅलरीची टोके पितळी बुचांनी बंद केलेली असतात. ती बुचे काढल्याशिवाय आतला अनेक वर्षांचा घट्ट गाळ निघत नाही, त्यामुळे बुचे मशिन शॉपकडूनच काढून घ्यावीत आणि धुऊन झाल्यावर नवी बसवावीत. क्रँकमधील तिरप्या छिद्रांत लांब बारीक ब्रश घालून दोन्ही बाजूंनी पाणी आरपार जाते का पाहा. ग्राइंड करून आलेल्या क्रँकमध्ये तर हे करावेच लागते, कारण ग्राइंडिंगची धूळ नेमकी तेथेच जाऊन बसते आणि पहिल्याच वेळी ऑइलबरोबर नव्या बेअरिंगमध्ये येते. पाण्याच्या मार्गांचेही तसेच. चौथ्या सिलिंडरच्या मागे गंज आणि गाळ यांचा थर साचलेला असतो आणि ते सिलिंडर इतरांपेक्षा जास्त तापते. बाजूची वेल्श प्लगची झाकणे काढा, तारेने आणि पाण्याच्या धारेने जेवढे निघेल तेवढे काढा, आणि झाकणे नवीनच लावा.

मोजणे आणि बांधणे यांना मिळून मला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ धुण्यात जातो. तो वेळ गृहीत धरूनच आखणी करा.

वरवरचे_काम_आधी

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्याच प्रयत्नात फुल इंजिन काम (क्रँकसह सगळे उघडणे) हाती घेण्यापेक्षा इंजिन गाडीतच ठेवून हेड काढावे, व्हॉल्व्ह घासून बसवावेत, चेंबर (तळाची ऑइलची टाकी) उतरवून खालून रॉड मोकळे करावेत, पिस्टन वर काढून नव्या रिंगा घालाव्यात आणि गाडी चालवावी. मी स्वतः असे हाफ इंजिन काम केले आहे आणि ती गाडी त्यानंतर अनेक वर्षे समाधानकारक चालली. क्रँकला हात लावला नाही, तर चुकांची शक्यता पुष्कळ कमी होते.

लेथकाम

हा सल्ला मी सरसकट नाकारणार नाही. बेअरिंग शाबूत असतील तर हाफ इंजिन काम योग्यच आहे. पण येथे गरम इंजिनाचा दाब ८ पौंड आहे. थकलेल्या बिग एंडवर नव्या रिंगा आणि घट्ट बसणारे व्हॉल्व्ह दिले की दर स्फोटाचा जोर वाढतो, आणि आधीच सैल असलेले बेअरिंग तो जोर सहन करत नाही. थोड्याच दिवसांत खालून ठोका ऐकू येतो. शिवाय बोअरच्या वरच्या टोकाला न झिजलेल्या धातूची कड उभी राहिलेली असते. जुन्या रिंगा तिच्या खालच्या बाजूने गोलावलेल्या असतात, पण धारदार कडेची नवी वरची रिंग तिच्यावर आदळते आणि मोडते. तेव्हा पुन्हा तेच सांगतो : प्रश्नकर्त्यांनी आधी आकडे द्यावेत, मग आपण सगळे मिळून ठरवू.

पहिलेच_इंजिन

सर्वांचे आभार. काम सावकाश केल्यामुळे उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. रिलीफ व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग ठीक निघाली. आकडे पुढे देत आहे.

कॉम्प्रेशन कोरडे असताना पहिल्या सिलिंडरपासून अनुक्रमे १२०, ११५, ७० आणि ११० पौंड. ऑइल टाकल्यावर १४५, १४५, ७२ आणि १३५. हेड काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूला जळालेला दिसला, म्हणजे तेथे दाब का वाढला नाही याचा उलगडा झाला.

बोअर तळाशी चारही ठिकाणी ६२.९४ ते ६२.९५ भरले. वरच्या बाजूला सर्वांत वाईट आकडा दुसऱ्या सिलिंडरचा आहे : आडव्या दिशेने ६३.१७ आणि लांबीच्या दिशेने ६३.०८. बाकीचे तीन आडव्या दिशेने ६३.११ ते ६३.१४ यांच्या दरम्यान आहेत. बोटाचे नख वरच्या कडेला स्पष्ट अडकते.

क्रँकविषयी मात्र मी चिंतेत आहे. मेन जर्नल (क्रँकचे मेन बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ४४.४६ भरतात, म्हणजे ते ठीक असावेत. पण पुस्तकात बिग एंडच्या जर्नलचे माप ४१.२८५ ते ४१.२९८ दिले आहे आणि मला पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जर्नलवर ४१.०३, ४१.०३, ४१.०२ असे आकडे मिळत आहेत. तिसऱ्या जर्नलवर तर एका दिशेने ४१.०२ आणि दुसऱ्या दिशेने ४०.९८ असे माप येते, आणि त्यावर नखाला लागतील असे चर आहेत. पाव मिलिमीटर झीज म्हणजे हा क्रँक निकामी झाला का?

बोअरचाही एक प्रश्न आहे. सर्वाधिक झीज ०.२३ मिलिमीटर आहे आणि पिस्टनचे पहिले ओव्हरसाइज (मूळपेक्षा मोठे) माप ०.२५ मिलिमीटरचे मिळते. ते पुरेसे ठरेल असे मला वाटते. हा हिशेब बरोबर आहे का?

लेथकाम

आकडे व्यवस्थित घेतले आहेत, त्याबद्दल अभिनंदन. क्रँकची चिंता करण्याआधी काढलेल्या बिग एंड बेअरिंगची पाठ पुसून पाहा. तेथे ०१० असा छाप असेल, तर हा क्रँक पूर्वी एकदा दहा हजारांश इंच, म्हणजे ०.२५ मिलिमीटर कमी मापाला ग्राइंड केलेला आहे. त्या मापाचे नवे जर्नल ४१.०३१ ते ४१.०४४ असते, म्हणजे आपले तीन जर्नल जवळपास जेथे असायला हवेत तेथेच आहेत. खरा दोष तिसऱ्या जर्नलचा आहे. ०.०४ मिलिमीटरची अंडाकृती झीज आणि वर चर, हे नव्या बेअरिंगने झाकता येत नाही. त्यामुळे चारही बिग एंड पुढच्या मापाला, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.५१ मिलिमीटर कमी, ४०.७७७ ते ४०.७९० दरम्यान ग्राइंड करावे लागतील. त्यानंतरही दोन पायऱ्या शिल्लक राहतात, म्हणून क्रँक निकामी झालेला नाही. ग्राइंड करणाऱ्याला एवढेच बजावून सांगा की जर्नलच्या दोन्ही कोपऱ्यांतील गोलाई मूळची आहे तशीच राखावी. तो कोपरा काटकोनात कापला गेला, तर ताण तेथे एकवटतो आणि क्रँक एक दिवस तेथूनच तुटतो. मेन जर्नल मापात असल्यामुळे ते केवळ पॉलिश करून घ्या.

बोअरच्या हिशेबात मात्र एक गोष्ट निसटली आहे, आणि ती अनेकांच्या हातून निसटते. झीज मध्याभोवती सारखी वाटलेली नसते. समजा ०.२३ मिलिमीटरपैकी जवळपास सगळी झीज एकाच भिंतीवर असेल, तर नवा बोअर मूळ मध्यावरच ठेवून ती भिंत साफ करण्यासाठी त्रिज्या ३१.४७ वरून ३१.७० व्हावी लागते, म्हणजे व्यास ६३.४० होतो. ०.२५ च्या मापाला बोअर केवळ ६३.१९ होईल आणि एका बाजूला जुनी झीज शिल्लक राहील. मध्य सरकवून ते माप जुळवता येते, पण मग पिस्टन रॉडच्या रेषेतून ढळतो आणि ते मी कोणाच्याही इंजिनात करणार नाही. ०.५१ च्या ओव्हरसाइजला बोअर ६३.४५ होतो आणि आपले चारही सिलिंडर त्यात साफ निघतील. पिस्टन आधी हाती येऊ द्या, ते मशिन शॉपला द्या आणि प्रत्येक बोअर त्या त्या पिस्टनच्या मापाप्रमाणे करून घ्या.

नव्या रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक करून बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि फीलर गेजने तोंडातील फट मोजा. ती ०.१८ ते ०.३० मिलिमीटर असावी. फट कमी असली, तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. जास्त असण्यापेक्षा कमी असणे अधिक धोक्याचे आहे.

मागच्या_अंगणात

आता बांधण्याविषयी. या इंजिनात पिस्टनची पिन रॉडच्या लहान टोकात एका बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट आवळताना रॉड व्हाइसमध्ये धरू नका, रॉड वाकतो; पिनच्या दोन्ही टोकांत योग्य जाडीचे दांडे बसवून पिन धरा. पिस्टनच्या माथ्यावरची पुढची बाजू दाखवणारी खूण आणि रॉडचा तिरका छेद यांचे एकमेकांशी असलेले नाते, जुन्या जोड्या सोडण्याआधी छायाचित्रात टिपून ठेवा.

क्रँक बसवताना मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर ऑइलचे चर असलेली बाजू क्रँककडे करून बसवा. नंतर क्रँक पुढे-मागे ढकलून डायल गेजने त्याची चाल पाहा, ती ०.०५ ते ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास हवी. प्रत्येक बेअरिंगची फट प्लास्टिगेजच्या (दबल्यावर रुंदीवरून फट सांगणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) पट्टीने कोरड्या जर्नलवर तपासा आणि पट्टी दबलेली असताना क्रँक अजिबात फिरवू नका. बिग एंडला ०.०२५ ते ०.०६३ मिलिमीटर फट योग्य. टॉर्क मेनला ६०, बिग एंडला ३५ आणि हेडच्या नटांना ४० पौंड-फूट असतो. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळा. बिग एंडचे लॉक वॉशर दुसऱ्यांदा वापरू नका. प्रत्येक कॅप आवळल्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहायची सवय मला फार उपयोगी पडली आहे : अचानक जड झाला, तर दोष शेवटी आवळलेल्या कॅपमध्येच असतो आणि तो तेथल्या तेथे सापडतो.

या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसते. जर्नलवर कोरलेला मळसूत्री चर ऑइल मागे ओढतो. त्यामुळे तेथून थोडे ऑइल ठिबकणे स्वाभाविक आहे, आणि ते थांबवण्यासाठी तेथे चिकट सिलंट लावू नका, कारण त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात.

टायमिंग चेन घालताना दोन्ही स्प्रॉकेटवरील ठिपके एकमेकांसमोर आणि सर्वांत जवळ आले पाहिजेत. चेन चढवल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि ठिपके पुन्हा समोरासमोर येतात का पाहा. टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांमधली) फट ०.३० मिलिमीटर, आणि ती लावताना नऊची बेरीज लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सातवा उघडा असेल तेव्हा दुसऱ्याची, याप्रमाणे पुढे. ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. डिस्ट्रिब्युटर बसवताना पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यातच वर असल्याची खात्री दोन्ही रॉकर सैल आहेत की नाहीत यावरून करा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी ऑइल पंपात पेट्रोलियम जेली भरून ठेवा, म्हणजे तो कोरडा फिरणार नाही. प्लग काढून स्टार्टरने इंजिन थांबून थांबून फिरवा आणि गेजवर दाब दिसल्याशिवाय प्लग लावू नका. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे घालणार असाल, तर दोन्ही एकत्रच नवे घाला, त्यांना बांधतानाचे घट्ट वंगण फासा, आणि इंजिन चालू होताच मंद गतीला न ठेवता मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटे गती थोडी कमी-जास्त करत चालवा. मंद गतीला कॅमवर ऑइलचा शिडकावा अपुरा पडतो आणि नवे उंचवटे पहिल्या काही मिनिटांतच खरवडले जातात. अशा सपाट टॅपेटच्या इंजिनांना जस्त आणि फॉस्फरसयुक्त घटक पुरेसे असलेले ऑइल लागते, ते डब्यावर पाहून घ्या.

इंजिन परत गाडीत बसवताना त्याचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्षणभरही लटकू देऊ नका.

पहिलेच_इंजिन

तीन जुन्या बिग एंड बेअरिंगच्या पाठीवर ०१० चा छाप सापडला. चौथ्याची पाठ इतकी घासली होती की काहीच वाचता आले नाही. वडिलांच्या वहीच्या अगदी पहिल्या पानांवर एके ठिकाणी "क्रँक केला" एवढीच दोन शब्दांची नोंद आहे. ती मी पूर्वी अनेकदा वाचली होती, पण तिचा अर्थ आता कळला.

बोअर ०.५१ ला झाले, बिग एंड पुढच्या मापाला ग्राइंड झाले आणि हेडवर चार नव्या एक्झॉस्ट सीट बसल्या. कॅमशाफ्ट आणि टॅपेट मापात होते, ते आपापल्या जागी परत घातले. रिंगांपैकी दोन ०.१५ मिलिमीटर फटीच्या निघाल्या. त्या बारीक कानशीने ०.२२ पर्यंत आणल्या. ब्लॉक गरम साबणपाण्याने नऊ वेळा धुतला तेव्हा कापड पांढरे राहिले. प्लास्टिगेजवर चारही बिग एंड ०.०४ ते ०.०५ यांच्यामध्ये भरले.

स्टार्टरच्या तिसऱ्या प्रयत्नाला गेजचा काटा हलला. काल इंजिन चालू झाले. आज पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर, पूर्ण गरम असताना, मंद गतीला दाब २२ पौंड होता आणि चढावर मागे धूर नव्हता. क्लचच्या घराखाली ऑइलचा एक थेंब दिसतो आहे, त्यावर लक्ष ठेवत आहे. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलून, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासून येथे आकडे देतो.